इंदूरचे आजोळ

'तुमचं आजोळ कुठलं?' असे बेळगावात कोणी विचारले आणि मी 'इंदूर' म्हटले, की समोरचा माणूस जरा थबकतो. आपल्याकडे आजोळ म्हणजे खानापूर, चंदगड, निपाणी, गडहिंग्लज, फार तर धारवाड नाहीतर सांगली. सकाळच्या गाडीत बसावे आणि दुपारच्या पानावर हजर व्हावे, इतक्याच अंतरावरचे. माझे आजोळ मात्र दोन रात्रींच्या प्रवासाचे. आई १९७७ साली लग्न होऊन इंदूरच्या रामबागेतून आमच्या शहापुरात आली. तिच्या माहेरी जायचे म्हणजे बेळगावहून पुणे, तिथून पुढची गाडी, पुऱ्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, पाण्याची सुरई असा सारा जामानिमा असे. त्यामुळे दोन वर्षांतून एकदा, तेही मे महिन्यात, आम्ही तिकडे जात असू.

पण त्या घराची खरी ओळख मला आईबरोबर गेले तेव्हा झाली नाही. ती झाली मैत्रिणींना घेऊन गेले तेव्हा.

मी पुण्याला एम.ए. करत होते. वसतिगृहात आम्ही चौघी. एक साताऱ्याची, एक निपाणीची, एक गोकाकची आणि मी. २००२ साली २६ जानेवारी शनिवारी आली होती. शुक्रवारी दुपारचे तास संपले की निघायचे, शनिवार-रविवार इंदुरात काढायचा आणि सोमवारची दांडी मारायची, असा बेत ठरला. आजोबांना पत्र टाकले. उलट टपाली त्यांचे कार्ड आले. त्यावर एवढेच होते, 'चौघी या. रजया उन्हात घातल्या आहेत.'

निपाणीची आणि साताऱ्याची लगेच तयार झाल्या. गोकाकची मात्र कुरकुरत होती. तिच्या घरी कन्नड. शाळा कन्नड माध्यमाची. मराठी ती पुण्यात येऊन शिकली होती आणि बोलताना 'माझा पुस्तक', 'तुझी घर' असे हमखास व्हायचे. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना तो-ती असा भेद नाही, त्यामुळे खुर्ची ती का आणि टेबल ते का, हे तिला कधी उमजत नसे. वसतिगृहात मुली हसत. त्यात आपल्या सीमाभागातले वातावरण तुम्ही जाणताच. तिने मला सरळ विचारले, 'तुमच्या आजोबांच्या घरी सगळे मराठीच बोलणार. मी काय तोंड मिटून बसू?' मी म्हटले, 'चल तर खरी.' उत्तर माझ्याकडेही नव्हते.

पुणे ते इंदूर सुमारे सहाशे किलोमीटर. खाजगी बस धुळ्याला मध्यरात्री थांबली तेव्हा थंडीने चहाचा पेला दोन्ही हातांत धरावा लागला. शिरपूर मागे पडले, सेंधव्यापासून पाट्या बदलल्या. पहाटे खलघाटला नर्मदेच्या पुलावर गाडी आली, तशी अर्धी बस जागी झाली. खिडक्या सरकल्या, लोकांनी नाणी नदीत टाकली, हात जोडले. गोकाकचीनेही पर्समधून रुपया काढला. आमच्या घटप्रभेला पण असेच करतात, म्हणाली. पुढे मानपूरचा घाट चढला, बाबासाहेबांचे जन्मगाव महू गेले आणि आठच्या सुमारास आम्ही इंदुरात उतरलो.

आजोबा दारातच उभे होते. डोक्याला माकडटोपी, अंगात दोन स्वेटर आणि वरच्या स्वेटरला कागदी तिरंगा. गल्लीतल्या शाळेचे झेंडावंदन उरकून ते आले होते. मागून आजी आली. 'आलात? सामान तिकडे जमवून ठेवा आणि आधी चहा पिऊन घ्या. थंडीने परेशान झाल्या असाल.' साताऱ्याचीने माझ्याकडे पाहिले. सामान जमवून? परेशान? तिला वाटले, आजी मुद्दाम गंमत करतेय. पण आजीचे मराठी तसेच होते. 'झाडू लावली', 'मला याद नाही', 'दरवाजा लावून दे' असे हिंदीच्या सोबतीने जवळजवळ दोनशे वर्षे राहिलेले.

तेवढ्यात निपाणीची म्हणाली, 'आजी, मी अंघोळ करून येतो, खरं जरा वेळ लागंल.' आजी बुचकळ्यात पडली. 'मुलगी असून येतो काय गं? आणि खरं म्हणजे? खोटं कुणी म्हटलं?' आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण', हे तिला समजावता समजावता पुरेवाट झाली. सगळ्या हसत होत्या. आणि त्या हसण्यात, पुण्यातून इथवर गप्प गप्प आलेली गोकाकची पहिल्यांदा बोलली, 'अज्जी, माझा चहा मध्ये साखर कमी.' आजी म्हणाली, 'कमी टाकून देते, बेटा.' चूक हिचीही, चूक तिचीही. दोघींनाही ती ऐकू आली नाही.

त्या सकाळी मी एक गोष्ट शिकले. पुण्याच्या वसतिगृहात एकच मराठी 'बरोबर' होते, बाकी सगळी चुकीची. रामबागेच्या त्या स्वयंपाकघरात चार मराठी बोलल्या जात होत्या आणि पाचवी कन्नडच्या दारातून आत येत होती. पाहुणीला समजले आणि घरच्यांना समजले, की तिथे पुरेसे होते.

नाष्ट्याला आजोबा स्वतः कोपऱ्यावरून पोहे-जिलबी घेऊन आले. इंदूरचे पोहे आपल्यासारखे कढईतून उतरवून ताटलीत येत नाहीत. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर पोह्यांची परात ठेवलेली असते, त्यामुळे ते तासन् तास वाफेवर मऊ राहतात. त्यात बडीशेप, किंचित साखर. वरून शेव, कांदा, डाळिंबाचे दाणे आणि जिरावन नावाचा चटकदार कोरडा मसाला. शेजारी गरम जिलबी. गोड आणि तिखट आलटून पालटून खायचे. आम्ही नेलेला बेळगावचा कुंदा आणि गोकाकचा करदंट आजीने लगेच देवापुढे ठेवला आणि मग वाट्यांत भरून शेजारच्या तीन घरी पाठवला. 'नातीच्या मैत्रिणी आल्यात', हा निरोप त्याबरोबर. संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली आम्हाला पाहून गेली.

दुपारी आजोबांनी आम्हाला राजवाडा दाखवायला नेले. ते निवृत्त शिक्षक. आयुष्यभर हिंदीतून गणित शिकवलेले, घरी मात्र मराठीतून रागावणारे. चालता चालता सांगत होते. होळ गावचे मल्हारराव होळकर पेशव्यांच्या फौजेतून माळव्यात आले, त्यांच्यामागोमाग कारकून, भिक्षुक, शिलेदार, वैद्य आले. चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ राज्य केले ते नर्मदाकाठच्या महेश्वराहून. १८१८ साली इंग्रजांशी मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदुरात आली. तेव्हा आलेल्या कुटुंबांपैकी एक आमचे. 'म्हणजे तुम्ही इथले पाहुणेच की, आजोबा,' साताऱ्याची म्हणाली. आजोबा हसले. 'सात पिढ्या झाल्या. आता पाहुणा म्हटलं तर इथला माणूस रागावेल आणि घरचा म्हटलं तर पुण्याचा.'

राजवाड्याचा सातमजली दरवाजा आम्ही मान मोडेपर्यंत पाहिला. खालचे मजले दगडी, वरचे लाकडी. पण मागे गेलो तर निराशा. १९८४ च्या दंगलीत आतला भाग जळाला होता आणि तेव्हा तो तसाच होता. पुढे २००७ च्या सुमारास तो पुन्हा उभा राहिला. आजोबा त्या मोकळ्या जागेकडे बघत म्हणाले, 'दरवाजा शाबूत आहे, घर गेलं. लोक दरवाजाचा फोटो काढून जातात.' हे वाक्य मला तेव्हा साधेच वाटले होते.

परतताना त्यांनी साहित्य संमेलनाचा विषय काढला. आदल्याच वर्षी, २००१ मध्ये, ७४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इंदुरात झाले होते, विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या. त्याच्या आधीचे, २००० सालचे, आपल्या बेळगावात, य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली. 'तुमच्याकडून निघालं ते थेट आमच्याकडे आलं,' आजोबा म्हणाले. १९३५ मध्ये औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष असताना इंदुरात संमेलन भरले होते, तेव्हा ते बारा-तेरा वर्षांचे होते आणि वडिलांचे बोट धरून गेले होते. संमेलन महाराष्ट्राच्या नकाशाबाहेर गेले की त्या गावातल्या मराठी माणसाला काय वाटते, हे बेळगावकरांना वेगळे सांगायला नको.

मग ते म्हणाले, 'इथलं एक घर सांगतो. मुक्तिबोधांचं. थोरले गजानन माधव हिंदीतले मोठे कवी झाले, धाकटे शरच्चंद्र मराठीतले. एकाच आईची मुलं. कुणी कुणाला विचारलं नाही, तू त्या भाषेत का लिहितोस म्हणून.' गोकाकची लगेच म्हणाली, 'आजोबा, आमच्या धारवाडला द. रा. बेंद्रे. घरात मराठी, कविता कन्नडात. ज्ञानपीठ मिळाला १९७३ चा.' आजोबा रस्त्यातच थांबले. 'हे मला ठाऊक नव्हतं.' मग त्यांना बेंद्र्यांबद्दल सगळे ऐकायचे होते. घरी पोचेपर्यंत पुढे आजोबा आणि ती, मागे आम्ही तिघी. कालपर्यंत तोंड मिटून बसण्याची भीती असलेली मुलगी आता गुरुजींना शिकवत होती. शेवटी तिने हुकमाचा एक्का काढला. राहुल द्रविड! जन्म इंदूरचा, घरी मराठी आणि खेळतो कर्नाटकाकडून. 'मग तो कुणाचा?' आजोबांनी विचारले. 'जिंकला की सगळ्यांचा,' ती म्हणाली.

रात्री सराफा. दिवसभर सोन्या-चांदीची दुकाने आणि रात्री ती बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याचे गाडे, हा इंदूरचा जुना रिवाज. रात्री वर्दळ राहिली की दुकानांची राखण आपोआप होते म्हणून सराफांनीच हे चालू दिले, असे सांगतात. थंडीचे दिवस, म्हणून गराडू मिळाले. एक प्रकारचा कंद, तुपा-तेलात खरपूस तळून वर मसाला आणि लिंबू. दहीवडे, मावाबाटी, दाट दुधाची शिकंजी झाली. आजोबा मफलर गुंडाळून रात्री साडेबारापर्यंत आमच्याबरोबर उभे होते. स्वतः काही खाल्ले नाही. प्रत्येक गाड्यावर 'माझ्या नाती आहेत, जरा चांगलं दे भिया,' एवढे हिंदीतून सांगत होते. नाती. चारही.

आता जरा अवघड गोष्ट सांगते. घरात मामाचा मुलगा होता, दहा वर्षांचा. गोड पोरगा. दिवसभर आमच्या मागे मागे. पण आजीने मराठीत काही विचारले की उत्तर हिंदीत. 'आजी, मुझे नहीं खाना.' 'आजी, मैं खेलने जा रहा हूँ.' त्याला मराठी समजत होते, पण जिभेवर येत नव्हते. शाळा, मित्र, टीव्ही सगळेच हिंदी. मामा-मामीही त्याच्याशी बोलता बोलता नकळत हिंदीत जात. कोणी बंदी घातली नव्हती, पाटीला कोणी काळे फासले नव्हते, मोर्चा नाही, खटला नाही. भाषा आपली आपण पाय न वाजवता घरातून निघाली होती.

रात्री रजईत आजी माझ्याशेजारी होती. दिवा मालवल्यावर ती हळूच म्हणाली, 'तुझी ती गोकाकवाली, तिची बोली वेगळी. तरी शोधून शोधून माझ्याशी मराठी बोलते. आणि आमचा हा, याची तर हीच बोली, पण तो माझ्याशी बोलताना हिंदी शोधतो.' मी काय बोलणार? थोड्या वेळाने ती म्हणाली, 'मी गेल्यावर या घरात मराठी कोण बोलेल गं?' मी म्हटले, 'आजी, झोप.' आजही त्या उत्तराची मला लाज वाटते.

रविवारी सकाळी गोकाकची आजीजवळ बसली होती. आजोबांना सुपारी लागायची. आजीने फडताळातून पितळी अडकित्ता काढला, पोपटाच्या आकाराचा, तिच्या सासूच्या सासूचा. 'हे काय म्हणतात?' हिने विचारले. 'अडकित्ता.' ती चमकली. 'अज्जी, हा तर आमचा शब्द! अडके म्हणजे सुपारी. आम्ही अडकत्तरी म्हणतो.' आजीला पटेना. अडकित्ता कानडी? मग दोघींचा खेळच सुरू झाला. तूप आमचे तुप्प. अण्णा, अक्का आमचे. आजी एकेक शब्द ऐकून गालावर हात ठेवत होती. सात पिढ्यांपूर्वी कोणी एक बाई बैलगाडीतून हा अडकित्ता घेऊन नर्मदा ओलांडून आली. त्यातला कानडी शब्द तिच्याबरोबर आला, तो मराठी म्हणून राहिला. आणि आता गोकाकची मुलगी येऊन त्याला ओळख देत होती. आजी म्हणाली, 'म्हणजे तू काही परकी नाहीस. तुझा शब्द तुझ्याआधीच इथं राहायला आला.'

दुपारी आम्ही बसने देवासला गेलो. अंतर चाळीसेक किलोमीटर. तिथे जाण्याचा हट्टही गोकाकचीचाच. कारण सांगायला नको. आपल्या सुळेभावीचा शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ, म्हणजेच कुमार गंधर्व, यांचे ते घर. जन्म १९२४ चा. क्षयाने ग्रासलेले कुमारजी हवापालट म्हणून १९४८ च्या सुरुवातीला माळव्यात आले. जवळजवळ पाच वर्षे गाणे बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर पडत होती ती माळवी बायकांची गाणी, फिरत्या नाथपंथीयांची भजने. बरे होऊन पुन्हा गाऊ लागले ते हा सगळा ठेवा घेऊनच. लोकधुनांतून त्यांनी नवे राग बांधले. घरची भाषा कन्नड, संगीत नाटकांची पदे मराठी, बंदिशी माळवीच्या वळणाच्या, कबीर हिंदी. १९९२ च्या जानेवारीत ते गेले. आम्ही गेलो तेव्हा त्याला दहा वर्षे होऊन गेली होती.

आम्ही आत गेलो नाही, तसे धाडस झाले नाही. माताजींच्या टेकडीच्या पायथ्याशी त्या घराच्या फाटकाबाहेर उभ्या राहिलो. गोकाकची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'सुळेभावी आमच्याकडून जाताना लागते. कितीदा गेले तिथून. कुणी दाखवलं नाही मला.' मग टेकडी चढलो. वर तुळजाभवानीचे आणि चामुंडेचे, अशी दोन देवळे आहेत. खाली संध्याकाळचे देवास पसरले होते. पौर्णिमा जवळ आली होती, उजेड असतानाच चंद्र वर आला होता. निपाणीची म्हणाली, 'तुळजाभवानीसुद्धा आलीच हाय की बरोबर.'

निघताना आजीने प्रत्येकीच्या हातावर दही-साखर घातली, पन्नासची नोट ठेवली आणि शेव-जिरावनाची पुडकी दिली. गोकाकचीला म्हणाली, 'कार्ड लिहीत जा. चुका होऊ देत.' आणि खरेच ती लिहीत राहिली. महिन्या-दोन महिन्यांनी एक पोस्टकार्ड, देवनागरीत, मराठीत, तो-ती-तेच्या सगळ्या चुकांसकट. नात असून मी इतकी पत्रे लिहिली नाहीत. मी फोन करत असे. फोनवरचे बोलणे फोन ठेवला की संपते.

आजोबा २००६ साली गेले, आजी २०१२ साली. दोन-तीन वर्षांनी रामबागेतले घर विकले गेले. भावंडांत वाटण्या व्हायच्या होत्या, कुणाचा दोष नाही. तिथे आता चारमजली इमारत आहे. माझ्या आजोळाचा तर दरवाजाही राहिला नाही.

२०२४ च्या २६ जानेवारीला शुक्रवार होता. तीन दिवस सुट्टी. बावीस वर्षांनी आम्ही पुन्हा इंदूरला जायचे ठरवले. साताऱ्याची परदेशात, त्यामुळे तिघीच. मी बेळगावात प्राध्यापिका, निपाणीची कोल्हापुरात बँकेत, गोकाकची हुबळीला शाळेत मुख्याध्यापिका. या वेळी पुण्याहून विमान. खलघाटची नर्मदा राहिली, याची चुटपुट लागली. विमानतळाला अहिल्याबाईंचेच नाव आहे. शहर ओळखू येऊ नये इतके बदललेले. २०१७ पासून सलग सात वर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरल्याची बातमी तुम्ही वाचली असेलच. ते डोळ्यांना दिसते. सराफ्यातसुद्धा कागदाचा तुकडा खाली पडत नाही.

मामेभाऊ न्यायला आला होता. तेव्हाचा दहा वर्षांचा पोरगा आता बत्तिशीचा, संगणकाच्या कंपनीत नोकरी, पाच वर्षांची मुलगी. गाडीत बसताच तो मराठीत बोलू लागला. अडखळत, शब्द शोधत. 'ताई, तुझी प्रवास चांगला झाला?' आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिले. ही चूक आमच्या चांगल्या ओळखीची होती.

रात्री जेवणानंतर त्याने सांगितले. २०२० च्या टाळेबंदीत घरात बसून तो जुन्या पेट्या आवरत होता. आजीच्या पेटीत दोऱ्याने बांधलेला पोस्टकार्डांचा गठ्ठा निघाला. सगळी गोकाकचीची. 'मी वाचायला बसलो. एकेक कार्ड वाचायला मला दहा मिनिटं लागली. एक कन्नड ताई माझ्या आजीला मराठीत लिहीत होती आणि मी, तिचा नातू, अक्षरं लावत बसलो होतो. त्या दिवशी मला वाईट वाटलं.' तेव्हापासून तो मुलीशी मराठीत बोलतो. जमेल तसे. 'सानंद न्यास' इंदुरात पुण्या-मुंबईची मराठी नाटके आणत असतो, त्यांना बायकोसह जातो. बायको माळवी, हिंदी बोलणारी. ती म्हणाली, 'अर्धा समझ में आता है, पर अच्छा लगता है।' मुलगी मात्र अजून उत्तर हिंदीतच देते. मी हे लपवत नाही. झाड पुन्हा धरले, असे म्हणण्याइतके काही झालेले नाही. पाणी घालणारे कोणी आहे, एवढेच.

मामी आता थकल्या आहेत. त्यांनी उठून कपाटातून फडक्यात गुंडाळलेले काही तरी आणले आणि गोकाकचीच्या हातात दिले. पितळी अडकित्ता. 'सासूबाई सांगून गेल्या होत्या. ज्याचा शब्द त्याला द्यायचा.' हुबळीची मुख्याध्यापिका लहान मुलीसारखी रडली.

छोटी जवळ येऊन बघत होती. 'ये क्या है?' तिने विचारले. तिची आई म्हणाली, 'सरौता.' तिचा बाबा म्हणाला, 'अडकित्ता.' गोकाकची डोळे पुसत म्हणाली, 'अडकत्तरी.' पोरीला गंमत वाटली. तिने तिन्ही शब्द एकामागून एक म्हटले, मोठ्याने, नाचत. त्या रात्री झोपेपर्यंत तिचे तेच चालले होते.

वाचकहो, आपण सीमाभागातली माणसे. भाषेसाठी आपण पुष्कळ सोसले, पुष्कळ भांडलो. त्यातले काही भांडण न्यायाचे आहे आणि ते आपल्या जागी राहीलच. पण इंदूरला कोणी भांडत नव्हते आणि तरी भाषा घरातून जात होती. ती थोपवली कोणी? एका आजीने, जिने परक्या मुलीच्या चुका मोजल्या नाहीत. आणि त्या परक्या मुलीने, जिने चुकत का होईना, पण पत्रे लिहिली. आपल्या घरांत तर दोन्ही भाषा एकाच चुलीवर शिजतात. एका बाजूला आजी असते, दुसऱ्या बाजूला अज्जी. मुलांना त्या दोघींपाशी चार दिवस राहू द्या. आणि एकट्याने पाठवू नका. त्यांचे मित्र, मैत्रिणी बरोबर जाऊ द्यात, शक्य तर दुसऱ्या भाषेतले. घरच्या मुलाला जे जन्मभर दिसत नाही, ते पाहुण्याला दोन दिवसांत दिसते. आणि मग घरच्या मुलालाही दिसू लागते. माझे तसेच झाले.

दर रविवारी सकाळी दहाला माझा फोन वाजतो. पलीकडे छोटी असते. मी मराठीत विचारते, ती हिंदीत सांगते. मागच्या महिन्यात मी विचारले, 'जेवलीस का?' ती थोडी थांबली. मग म्हणाली, 'हो. पोहे खाल्ली.'

मी दुरुस्त केले नाही.